सड्यावरचा एच

माझ्या नावावर क्रिकेटचा एक क्लब आहे, हे मला पेपर वाचून कळलं.

नवरा लवकर गेला, तेव्हा पोराला घेऊन माहेरी आले, माहेरचंच नाव लावलं आणि सदतीस वर्षं इथल्या अंगणवाडीत काढली मी. रजिस्टरं भरली, वजनं घेतली, पोरांना ढुंगणं धुवायला शिकवलं. क्रिकेटमधलं मला कळायचं ते एवढंच, की टीव्हीवर सामना लागला की गावातले बाप्ये कामाला मिळत नाहीत. आणि पेपरात छापून आलं, 'जिल्ह्यातील कागदी क्लबांपैकी एकाच्या अध्यक्ष श्रीमती काशी रांबाडे, निवृत्त अंगणवाडी सेविका, या महिपत रांबाडे यांच्या सख्ख्या भगिनी.' वर दादाचा फोटो, सोनेरी चष्म्यातला. नशीब माझा फोटो त्यांना मिळाला नव्हता.

मग आठवलं. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी दादा गणपतीला आला होता. मी मोदकांची उकड काढत होते, हात पिठाने भरलेले. त्याने पुढे कागद धरला, म्हणाला, "सही कर गो." मी पदराला हात पुसले आणि केली सही. भावाने दिलेला कागद कोण वाचतं? आमच्यात तरी वाचत नाहीत. मला वाटलं, बापसाच्या जमिनीचं काही असेल.

तर तो कागद 'सडेवाडी क्रिकेट मंडळा'चा होता आणि तेव्हापासून मी त्याची अध्यक्ष आहे.

आमचं गाव रत्नागिरीकडच्या पावस गावाच्या पुढे, चार मैल आत. खाली भातशेती, मध्ये आंब्याच्या बागा आणि वर सडा, म्हणजे जांभ्याचं उघडं पठार. बापूस दुसऱ्याच्या बागेचा राखणदार होता. आंब्याच्या दिवसांत मी आणि दादा वांदर हाकायला बसायचो. मी दगड मारला की वांदराच्या शेपटीलाच लागायचा. दादाचा दगड कुठे जाईल ते देवालाही सांगता यायचं नाही.

खेळाचं वेड मात्र त्याला. सड्यावर जांभा उघडा, चेंडू वेडावाकडा उडतो, म्हणून त्याने युक्ती काढली. भात झोडायला आपण खळं करतो ना, तसंच खेळायची पट्टी करायची. तांबडी माती पसरायची, त्यात वारुळाची माती मिसळायची, पाणी मारायचं आणि चोपणं घेऊन चोपत बसायचं. चोपणं म्हणजे लाकडाची लांब दांड्याची थापी, खळं ठोकून गुळगुळीत करायची. वर शेणाचा सडा. गावात खळं माझ्या आवशीसारखं, म्हणजे आईसारखं, कोणी करत नसे, आणि तिच्या हाताखाली मी. तेव्हा पट्टी कोणी केली हे वेगळं सांगायला नको. दादा शेजारी उभा राहून 'हितं खोल हाय, तितं उंच हाय' असं सांगायचा. पुढे जन्मभर त्याने तेच काम केलं.

बॅट आणायला पैसे कुणाकडे होते? ज्या चोपण्याने पट्टी केली त्याचंच दांडकं धरून तो उभा राहायचा. चेंडू चिंध्यांचा, वर सायकलच्या ट्यूबचं रबर. मी खालून हात फिरवून टाकायचे, वांदराला मारायचे तसाच, नेम धरून. दुसऱ्या-तिसऱ्या चेंडूला त्याच्यामागच्या काठ्या उडायच्या. आणि काठ्या उडाल्या रे उडाल्या की तो ओरडायचा, "नो बॉल!"

"कसला नो बॉल?" मी विचारायचे.

"मी तयार नव्हतो."

कधी माझा पाय पुढे पडलेला असायचा, कधी कावळा ओरडलेला असायचा. तक्रार कुणाकडे करणार? पंच तोच, नियम त्याचे. लहानपणापासून तो मुंबईला जाईपर्यंत मी त्याला किती वेळा बाद केलं याचा हिशोब नाही, पण तो एकदाही बाद झाला नाही. मी रडून घरी यायचे आणि आवस म्हणायची, "जाऊ दे गो, त्याला दुसरं काय येतंय?"

खरंच, त्याला दुसरं काही येत नव्हतं. पण पंधरा गावांच्या टीम बोलावून सड्यावर अंडरआर्मच्या स्पर्धा भरवायच्या, भांडणं मिटवायची, चहापाव पुरा पडेल ते बघायचं, हे त्याला असं यायचं की म्हातारे बाप्येसुद्धा त्याला विचारून बसायचे. अठराव्या वर्षी मला म्हणाला, "काशी, मला खेळता येत नाय हे मला ठावं हाय. पण खेळवणारा कुणी लागतोच ना?" आणि आंब्याच्या ट्रकात बसून मुंबईला गेला.

पुढचं सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. बाजारात पेट्या उचलल्या, मग ट्रक घेतला, मग दहा ट्रक, मग बिल्डिंगी. एक बुडायला आलेला क्लब घेतला, त्यातून संघटनेच्या कमिटीवर, मग सेक्रेटरी, मग अध्यक्ष. म्हाताऱ्या खेळाडूंना त्याने पेन्शन सुरू केलं, ते चांगलंच केलं. खेड्यापाड्यातली पोरं उचलून मुंबईत ठेवली, त्यातली दोन टीव्हीवर दिसली. पण नव्या स्टेडियमचं काम त्याच्याच कंपनीला मिळालं आणि संघटनेचा अध्यक्ष असताना त्याने स्वतःची टीमही विकत घेतली. म्हणजे टीम त्याची, मैदान त्याचं, पंच त्याचे. पेपरवाले हादरले. मी नाही हादरले. मी हे सड्यावर बघितलं होतं.

मी रागाने बोलते आहे असं वाटेल. राग आहेच. पण पेपरात त्याचा फोटो आला की मी कापून ठेवायचे. त्याला शिव्या देणारी बातमी असली तर बातमी फाडायचे आणि फोटो ठेवायचे. पत्र्याची एक पेटी भरली आहे. तो फोनवर दोन मिनिटं बोलायचा, 'बरी आहेस ना, पैसे पोचले ना,' एवढंच. मला पैसे नको होते. मला तो माझ्या पडवीत बसून कुळथाची पिठी ओरपताना हवा होता.

तेरा वर्षांपूर्वी आवस गेली. दादा तेव्हा कुठल्याशा मीटिंगला परदेशात. बाराव्याला आला, तो हेलिकॉप्टरमधून. सड्यावर उतरला. त्या पंख्याच्या वाऱ्याने दाजींची गवताची उडवी भुईसपाट झाली आणि त्यांच्या शेळ्या दोन दिवस सापडल्या नाहीत. दाजी आमचे गावकर, देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याचा. त्यांनी त्या दिवशी जे गाऱ्हाणं घातलं ते इथे लिहिता येणार नाही.

दादा माझ्या गळ्यात पडून रडला. खोटं नाही रडला. म्हणाला, "काशी, आता दर महिन्याला येईन. मुंबईहून हेलिकॉप्टरने तासाभराचा रस्ता आहे." आठवड्यात त्याची माणसं आली आणि सड्यावर काँक्रीट ओतून गेली. पांढरं गोल आणि मध्ये इंग्रजी एच. सड्यावर सपाट जागा एकच होती, आमची पट्टी. तिच्यावरच ओतलं. पोरं खेळायला खाली मळ्यात गेली.

गाव त्याला 'यच' म्हणायला लागलं. दादा काही आला नाही. पहिलं वर्ष लोकांनी वाट बघितली, दुसऱ्या वर्षी कुणीतरी त्याच्यावर काजूबिया वाळत घातल्या, तिसऱ्या वर्षापासून आमसुलं. मी गेले आणि सगळ्यांना हाकललं. "उद्या तो आला तर कुठे उतरेल?" लोक हसायचे. हसू देत. दर सोमवारी मी झाडू घेऊन वर जायचे आणि एच झाडून यायचे. गणपतीच्या आधी चुना कालवून पांढरा करायचे. तेरा वर्षं. आकाशात काही घरघरलं की माझा हात कामावरून निघायचा. बहुतेक वेळा ते तटरक्षक दलाचं असायचं, रत्नागिरीहून येणारं. एकदा पंचायतीने ठराव केला की हे काँक्रीट फोडून पोरांना मैदान द्यावं. मी फरशीवर जाऊन बसले आणि संध्याकाळपर्यंत उठले नाही. माझा मुलगा सोहम डोंबिवलीहून फोनवर ओरडला, "आये, मामा नाय यायचा गो." त्याच्याशी मी महिनाभर बोलले नाही.

मग गेल्या वर्षी कोर्टाने दादाला संघटनेतून बाहेर काढलं. बायको कधीच वेगळी झाली होती, मुलगा परदेशात. आणि यंदा कागदी क्लबांची ही बातमी आली.

बातमीनंतर आठ दिवसांनी, मार्गशीर्षातल्या एका सोमवारी, मी एच झाडून खाली उतरत होते. बागांना मोहोर फुटायला लागला होता. तिठ्यावर एसटी थांबली आणि तिच्यातून एक म्हातारा उतरला. हातात बॅग, पायात बूट, वाकून गुडघा चोळतोय. मी तेरा वर्षं वर बघत होते आणि तो एसटीने आला.

"काय गो, ओळखलंस का?" तो म्हणाला.

"न वळखायला काय झालं? पेपरात येतोस की," मी म्हणाले, आणि त्याच्या हातातली बॅग ओढून घेतली.

पिठी-भात जेवला. दोनदा मागून घेतला. मी समोर बसून बघत होते. हात धुतल्यावर त्याने बॅगेतून फाइल काढली. माणूस बहिणीकडे येताना फाइल घेऊन येत नाही.

त्याचं म्हणणं असं होतं. मुंबईची संघटना गेली, पण जिल्ह्याच्या संघटनेची निवडणूक पुढच्या महिन्यात आहे. तिथे अध्यक्ष झाला की वर जायची वाट पुन्हा मोकळी. मतं क्लबांना असतात. मोजदाद केली तर तो एका मताने पुढे होता, आणि ते एक मत माझं होतं, सडेवाडी मंडळाचं. शनिवारी तपासणीला कोर्टाने नेमलेल्या वकीलबाई येणार होत्या. क्लब खरा आहे का, मैदान आहे का, सामने होतात का, हे बघायला.

"मैदान कुठं हाय?" मी विचारलं.

"करू की. तू आहेस, मी आहे. पाच दिवस आहेत."

"आणि निवडून आलास की?"

"मुंबईला जाईन. काशी, तिथे बसलो की एका महिन्यात सगळ्यांची तोंडं बंद करतो की नाही बघ." त्याचे डोळे अठरा वर्षांच्या पोरासारखे चमकत होते. "तू फक्त एवढंच सांगायचं, दरवर्षी सामने होतात."

मी 'बरं' म्हणाले. भावाने दिलेला कागद मी वाचत नाही, हे सांगितलंच आहे.

मंगळवारी त्याने जेसीबी आणून एच फोडला. मी तिथेच उभी होते. चुन्याचे पांढरे तुकडे उडत होते, दर वर्षीचा एकेक थर त्यात दिसत होता, आणि मला हुंदका आवरेना.

"दगडासाठी रडतंस?" दादा म्हणाला. पहिल्या दिवशी तो 'नाही', 'आहे' असं मुंबईचं बोलत होता. दुसऱ्याच दिवशी तोंडातून गावचं यायला लागलं होतं.

काय सांगणार होते? तुझ्यासाठी तेरा वर्षं झाडत होते ते तू दोन तासांत फोडलंस, असं?

पण त्यानंतरचे तीन दिवस! माझ्या आयुष्यात त्यांच्यासारखे दिवस मला फार मिळाले नाहीत. ट्रॅक्टरने तांबडी माती आली, वारुळाची माती आम्ही दोघांनी बागेच्या कडेने फिरून गोळा केली. वाडीतल्या सहा-सात बायका आल्या. ओली माती पसरली आणि आम्ही रांगेत बसून चोपायला लागलो. दादा नेहमीसारखा बाजूला उभा राहिला आणि म्हणाला, "हितं वाईच खोल हाय." मी माझं चोपणं त्याच्या पुढ्यात टाकलं. "उंच-खोल कळतंय तर बस खाली." बायका हसल्या. तो बसला. पासष्टाव्या वर्षी गुडघा मोडून बसला आणि चोपायला लागला. तासाभरात तळहाताला फोड आले. मी तेल-हळद लावून फडकं बांधलं, तर पुन्हा येऊन बसला. घामाने चष्मा घसरत होता. मध्येच थांबून म्हणाला, "आवस कशी चोपायची गो? दोन हळू, एक जोरात, ना?" मी म्हणाले, व्हय. मग आम्ही तसंच चोपलं, दोन हळू, एक जोरात, सगळ्या जणी मिळून. त्याचा आवाज खालच्या वाडीपर्यंत जात होता.

दुपारी तिथेच भाकरी खायची. तो आडवा व्हायचा, डोक्याखाली हात घेऊन. एकदा म्हणाला, "मोठ्या स्टेडियमात माझ्या नावाची खुर्ची होती. तिथून पट्टी दिसायची, पण मातीचा वास नाय यायचा." मला वाटलं, आता हा म्हणेल की नको ती निवडणूक. त्याने घड्याळ बघितलं आणि म्हणाला, "शनिवारपर्यंत सुकेल ना?"

गुरुवारी संध्याकाळी शेणाचा सडा झाला. सहासष्ट फूट लांब, आरशासारखी पट्टी. आवशीने बघितली असती तर नावं ठेवायला काही सापडलं नसतं.

शुक्रवारी सकाळी दाजी नारळ घेऊन आले. गावात काहीही नवं करा, गाऱ्हाणं घातल्याशिवाय पुढे जात नाही. दाजींना ऐंशी वर्षं झाली, पण शेळ्यांची गोष्ट ते विसरले नव्हते.

"महिपत, देवाला काय सांगू? खरं सांगू का तुझ्या फायलीतलं सांगू?"

"तुमाला पटंल ता सांगा दाजी," दादा मान खाली घालून म्हणाला.

दाजींनी हात जोडले. "बा देवा महाराजा, तुझा ह्यो लेकरू लय वर्षांनी सड्यावर आलाय. हातून चुका झाल्या असतील, पोटात घाल. ज्या कामासाठी आलाय ता काम शेवटास ने, महाराजा!"

"व्हय महाराजा!" सगळे ओरडले.

मी नाही ओरडले. माझे ओठ हलले, एवढंच. मी मनात म्हणाले, महाराजा, हे काम मोडून टाक. त्याला हरव. त्याला हितं ठेव. देवापुढे उभं राहून भावाचं वाईट मागणारी बहीण मीच.

दुपारी दादाने सांगितल्याप्रमाणे गावची पोरं खेळायला आली. पट्टीवर पायांच्या, चेंडूच्या खुणा पडायला हव्या होत्या, म्हणजे रोज खेळतात असं वाटेल. पण नवं खळं मुरेपर्यंत त्यावर पाऊल टाकायचं नाही, पहिली पेंढी झोडेपर्यंत तर नाहीच, हे माझ्या हाडात बसलेलं. मी ओरडले, "खबरदार! ओली हाय अजून. पाय टाकलात तर तंगडं मोडून हातात देईन." पोरं पळाली. सवयीनेच ओरडले, खोटं सांगत नाही. पोरं दिसेनाशी झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मी काय केलं. त्यांना हाक मारून परत बोलावता आलं असतं. मी नाही बोलावलं.

शनिवारी अकरा वाजता वकीलबाई आल्या. ॲडव्होकेट वेदिका, तिशीच्या आतली मुलगी, पायात खेळाचे बूट. पट्टी बघून तिचा चेहराच खुलला. बूट काढून ती कडेला बसली आणि हात फिरवला. मग ज्या टोकाला फलंदाज उभा राहतो तिथे वाकून बघितलं.

"मी कॉलेजात विकेटकीपर होते," ती म्हणाली. "इथे गार्ड घेताना बॅटने ओढलेली एक रेघसुद्धा नाही. या पट्टीवर एकही चेंडू पडलेला नाही."

दादाने क्षणाचाही वेळ घेतला नाही. "पावसानंतर दर वर्षी नवीन करतो मॅडम. खळ्यासारखी. जुनी पावसात वाहून जाते. अध्यक्षांनाच विचारा ना."

उत्तर अगदी चोख होतं. नो बॉलची सवय होती त्याला. वकीलबाईंनी मान हलवली, त्यांना पटलंही होतं. त्या माझ्याकडे वळल्या.

"काशीताई, म्हणजे गेल्या वर्षीही इथे पट्टी होती? सामने झाले?"

सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. दादा माझ्याकडे बघत होता. फडकं बांधलेला हात त्याने दुसऱ्या हाताने धरला होता. एक 'व्हय' म्हणायचं होतं मला. एक 'व्हय', आणि तो त्याच दुपारी मुंबईला गेला असता, आणि मी पुन्हा पेपर कापत बसले असते.

"नाय मॅडम," मी म्हणाले. "तेरा वर्षं हितं एकसुद्धा सामना झाला नाय. हितं हेलिकॉप्टर उतरायची जागा होती."

"उतरायचं का?"

"नाय," मी म्हणाले. "एकदाही नाय उतरलं."

त्यांनी लिहून घेतलं. कागद पुढे केला तेव्हा या वेळी मी चष्मा लावून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला आणि मग सही केली. आता गावात मला मान आहे. लोक म्हणतात काशीबाई खऱ्याची, सख्ख्या भावाचीही गय केली नाही. कसलं खरं आणि कसलं काय! खरेपणासाठी बोलले नाही मी. मला माझा भाऊ हवा होता. त्याच्या जन्माची कमाई मी माझ्यासाठी मोडली, हे मला ठाऊक आहे आणि त्यालाही.

वकीलबाई गेल्या, माणसंही एकेक करून पांगली. दाजी जाताना दादाच्या खांद्यावर हात ठेवून गेले. सड्यावर आम्ही दोघंच राहिलो. त्याची बॅग त्याने सकाळीच वर आणून ठेवली होती, काम झालं की तिकडूनच निघायचं म्हणून. साडेतीनची एसटी होती.

पट्टीच्या कडेला बसून त्याने विचारलं, "का गो?"

"जिंकला असतास तर गेला असतास."

"हरलो तरी जायचंच हाय."

"कुठं?"

"मुंबईला. घर हाय माझं."

"घरात कोण हाय?"

त्याने हाताचं फडकं सोडून पुन्हा बांधलं. मी त्याला रागव म्हणत होते मनात, ओरड, शिव्या दे. पण तो उठला, कडेला पडलेलं चोपणं उचललं आणि पट्टीच्या टोकाला जाऊन उभा राहिला. शुक्रवारी पोरांनी टोकामागे रोवलेल्या तीन काठ्या तिथे होत्या. त्यांचा एक टेनिसचा चेंडूही राहिला होता.

"टाक," तो म्हणाला.

त्या पट्टीवर पहिली पावलं आमची पडली. पहिला चेंडू बाहेर गेला. गुडघे दुखतात आता, हात पूर्वीसारखा फिरत नाही. दुसरा त्याने ढकलला. तिसरा मी वांदराला मारायचे तसा टाकला, नेम धरून. चोपणं फिरलं, चेंडू खालून गेला आणि मधली काठी उडून लांब पडली.

मी कंबरेवर हात ठेवून उभी राहिले. आता ओरडेल. कावळा ओरडला म्हणेल, तयार नव्हतो म्हणेल.

दादाने वळून काठीकडे बघितलं. मग चोपणं हळूच खाली ठेवलं, पट्टीला लागू नये असं.

"आऊट," तो म्हणाला. "मी आऊट हाय काशी."

पन्नासहून जास्त वर्षं मी हे ऐकायला टपले होते. लहानपणी यासाठी उपाशी झोपले आहे. आणि ऐकलं तेव्हा मला ते नको होतं. तो बॅगेकडे चालायला लागला. खाली वळणावर एसटीचा हॉर्न वाजला.

"नो बॉल!" मी ओरडले.

तो थांबला.

"नो बॉल होता. माझा पाय पुढं पडला."

"नव्हता पडला गो," तो म्हणाला. "मी बगत होतो."

"तू कोण सांगणार? मंडळाची अध्यक्ष मी हाय. मी सांगत्ये ना, नो बॉल. ये, उचल ता चोपणं."

तो तसाच उभा होता, बॅगेच्या आणि पट्टीच्या मध्ये. त्याच्या चष्म्यामागे काय चाललं होतं ते मला दिसत नव्हतं, माझेच डोळे भरले होते. खाली एसटी थांबल्याचा आवाज आला. दार उघडलं, आपटलं आणि गाडी निघून गेली.

तो परत आला, काठी रोवली, चोपणं उचललं. मी चेंडू आणायला गेले.